खुलासा: क्लिओपात्राचा ‘खरा चेहरा’ कवटीवरून बनवलेला नाही

‘शास्त्रज्ञांनी क्लिओपात्राची कवटी स्कॅन करून तिचा हुबेहूब चेहरा तयार केला’ असा मेसेज एका चित्रासह फिरतो आहे. तो खरा नाही. प्राचीन इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिची कबरच अजून सापडलेली नाही, मग कवटी कुठून येणार? अशी चित्रं नाणी-पुतळ्यांचे फोटो एआयला देऊन बनतात. त्वचेचा पोत खरा वाटतो, पण तो प्रोग्रॅमने स्वतःच भरलेला असतो. शिवाय तिच्या नाण्यांवरचे चेहरेही एकमेकांशी जुळत नाहीत.

कवटी हाती असली तरी ती कोणाची, हे आधी ठरावं लागतं. आजच्या तुर्कस्तानातल्या इफेसस या प्राचीन शहरात सापडलेली एक कवटी क्लिओपात्राची बहीण अर्सिनोए हिची असावी, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ती ११ ते १४ वर्षांच्या मुलाची निघाली.

कवटी कोणाची हे ठरलं, की तिच्यावरून चेहरा असा घडवतात: सीटी स्कॅन, त्रिमितीय प्रतिकृती, ठरावीक बिंदूंवर मांसाच्या सरासरी जाडीच्या खुणा, मग स्नायू आणि त्वचा. जबडा, कपाळ, डोळ्यांमधलं अंतर यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. ओठ, कान, नाकाचा शेंडा हा बराचसा अंदाजच. डोळ्यांचा, केसांचा, त्वचेचा रंग तर हाडाच्या आकारावरून कळतच नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या कवटीवरून बनवलेल्या चेहऱ्याचे रंग डीएनए तपासणीनंतर बदलावे लागले. डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के निघाली.

‘कवटी स्कॅन’चा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. चित्र आवडलंच असेल तर ‘एआयने बनवलेलं कल्पनाचित्र’ असं लिहून पाठवा.