कासवी रडत नाही, मीठ बाहेर टाकते

थंडी पडून कोकणात कासवांचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी एक व्हिडिओ फिरायला लागतो. रात्रीची पुळण, वाळूत रुतून बसलेली ऑलिव्ह रिडले जातीची कासवी, बॅटरीच्या झोतात चकाकणारे डोळे आणि त्यांतून ओघळणारी जाड, चिकट धार. मागे बासरी. खालचा मजकूर साधारण असा: 'आई ती आईच! अंडी घालताना होणाऱ्या वेदनांनी आणि पिल्लं पुन्हा दिसणार नाहीत या दुःखानं कासवी फक्त याच वेळी रडते. तिचे अश्रू आपल्यासारखेच खारट असतात. कुठं दिसली तर तिच्या डोळ्यांवर गोडं पाणी शिंपडा, डोळे पुसा, पुण्य लागेल.'

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि शेवटचं तर कासवीच्या मुळावर येणारं आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो.

आधी 'अश्रू आपल्यासारखेच खारट', कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ तिथं आहे.

माणसाचे अश्रू खारट लागतात, पण बेताचे. आपल्या रक्तात जेवढं सोडियम, जवळपास तेवढंच अश्रूत: लिटरमागे 145 मिलीमोलच्या आसपास (मिलीमोल हे विरघळलेल्या कणांची संख्या मोजायचं एकक). दवाखान्यात लावतात त्या सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, आपले अश्रू त्याच्याच आगेमागे. पोटॅशियम मात्र रक्तापेक्षा अश्रूत कितीतरी जास्त. मिठाचं हे प्रमाण ढळलं, म्हणजे पाणी उडून जाऊन मागं राहिलेला ओलावा जास्त खारट झाला, की डोळे चुरचुरतात, लाल होतात. डोळे कोरडे पडण्याच्या आजारात हेच घडतं.

समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम क्षार असतात आणि सोडियम 470 मिलीमोलच्या घरात. समुद्री कासवाच्या डोळ्यातून येणारा स्राव याच्याही पुढचा. ऑलिव्ह रिडलेचं भावंड शोभावं अशा लॉगरहेड कासवाच्या स्रावात लिटरमागे 730 ते 880 मिलीमोल सोडियम मोजलं गेलं आहे. म्हणजे आपल्या अश्रूंच्या पाच-सहा पट, आणि ज्या समुद्रात ते कासव राहतं त्याच्याही दीडपटीहून जास्त. याला 'आपल्यासारखेच' कसं म्हणायचं?

हे असं का, ते समजून घेतलं तर त्या धारेचं खरं मोल कळतं. कासवाचं रक्त समुद्राच्या मानानं साधारण एक तृतीयांश खारट. त्याचं खाणं म्हणजे खेकडे, कोळंबी, जेलीफिश, आणि असे बिनकण्याचे समुद्री जीव अंगानं समुद्राइतकेच खारट असतात. शिवाय प्रत्येक घासाबरोबर समुद्राचं पाणी पोटात जातंच. एवढं मीठ मूत्रपिंडानं उपसावं म्हटलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडाला ते जमत नाही, रक्तापेक्षा जास्त खारट मूत्र त्याला तयार करताच येत नाही. मग हे काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. समुद्री कासवांमध्ये ते अश्रुग्रंथीनं उचललं. प्रत्येक डोळ्याच्या मागच्या बाजूला असलेली ही ग्रंथी रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड ओढून घेते आणि दाट खाऱ्या पाण्याच्या रूपात डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर सोडते. जेलीफिशवर जगणाऱ्या लेदरबॅक कासवात तर या ग्रंथी त्याच्या मेंदूपेक्षा मोठ्या असतात. क्नुट श्मिट-नील्सन आणि राग्नार फेंगे यांनी समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मीठग्रंथींवरचं आपलं काम 1958 मध्ये 'नेचर'मध्ये छापलं, म्हणजे ही गोष्ट काही काल-परवा कळलेली नाही.

जरा हिशेब करून पाहा. समजा, कासवानं एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलं आणि त्यातलं सगळं मीठ समुद्राच्या दुप्पट खाऱ्या स्रावातून बाहेर टाकलं. त्यासाठी अर्धा लिटर पाणी खर्ची पडेल आणि अर्धा लिटर गोडं पाणी शरीरात उरेल. माणूस समुद्राचं पाणी प्यायला तर नेमकं उलटं होतं, मीठ बाहेर काढण्यात प्यायल्यापेक्षा जास्त पाणी जातं आणि तो तहानेनं मरतो. चहूकडे पाणी असून पिण्याजोगा थेंब नाही, अशा जागी कासव आयुष्यभर राहतं ते या डोळ्यातल्या धारेच्या जोरावर. व्हिडिओत आपल्याला दुःख दिसतं. मला तिथं जगण्याची केवढी मोठी सोय दिसते!

मीठ बाहेर टाकायची वाट डोळ्यातूनच हवी असंही नाही. समुद्रपक्ष्यांच्या मीठग्रंथी डोळ्यांच्या वर असतात आणि स्राव नाकावाटे चोचीच्या टोकावरून ठिबकतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या मीठग्रंथी तिच्या जिभेवर आहेत. कुरवीच्या चोचीवरून थेंब पडला तर तिला सर्दी झाली असं आपण म्हणत नाही. कासवाची वाट डोळ्याशेजारून गेली, एवढ्यावरून आपण तिला रडवून मोकळे झालो.

आणखी एक गोष्ट. अश्रूंचा पोत फक्त मिठावर ठरत नाही. 2020 मध्ये ब्राझीलमधल्या पशुवैद्यकांनी मकाव, पोपट, ससाणा, घुबड, जमिनीवरचं कासव, केमन जातीची मगर आणि समुद्री कासव यांचे अश्रू माणसाच्या अश्रूंशी ताडून पाहिले. सोडियम, क्लोराइड हे घटक सगळीकडे होतेच. पण थेंब काचेवर वाळवल्यावर उरलेल्या स्फटिकांची नक्षी प्रत्येक जातीत वेगळी निघाली, कारण क्षारांबरोबर प्रथिनं, युरिया, श्लेष्मा किती, यावर ती ठरते. समुद्री कासवाचे अश्रू फारच दाट असतात. व्हिडिओत धार पाण्यासारखी न वाहता तारेसारखी लोंबते, ती या चिकटपणामुळे. खाऱ्या पाण्यात सतत उघड्या राहणाऱ्या डोळ्याला हे दाट आवरणच सांभाळतं.

आता 'फक्त याच वेळी रडते'. तसं वाटतं, कारण आपण तिला फक्त याच वेळी पाहतो. पाण्याखाली खारी धार पाण्यातच मिसळते, कुणाला दिसणार? नर तर एकदा समुद्रात शिरला की सहसा किनाऱ्यावर फिरकतच नाही, म्हणून नराच्या अश्रूंचा व्हिडिओ नाही. मीठग्रंथी त्यालाही आहे, आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लालाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, घरट्यावरची टोपली उचलल्यावर पिल्लू जवळून बघा. तळहातात मावेल एवढा जीव, आणि डोळ्यांच्या ओल्या कडांना वाळूचे कण चिकटलेले. समुद्रात शिरल्यावर ते खारं पाणी पितं आणि चालण्यात गेलेलं पाणी त्यातून भरून काढतं. प्रयोगशाळेत पिल्लांच्या अंगात मिठाचं द्रावण सोडलं की ही ग्रंथी वाहायला लागते, हेही पाहिलं गेलं आहे. त्या पिल्लाला ना प्रसूती, ना ताटातूट. रक्तात मीठ वाढलं, ग्रंथी चालू झाली, इतकंच.

'वेदनांनी रडते' या वाक्याशी मी थोडा वेळ थांबतो, कारण कष्ट खरे आहेत. 40 किलोच्या आसपास वजनाचा हा जीव पाण्यात तरंगतो. वाळूवर आला की सगळा भार पोटावर आणि फुप्फुसांवर येतो. ती थांबत थांबत, उसासे टाकत वर चढते. मग मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या पायांनी, आळीपाळीनं वाळू उपसते: एक वल्हं ओंजळीसारखं वळवून आत घालायचं, वाळू उचलून बाजूला टाकायची, मग दुसरं. दीडेक फूट खोल, तळाशी फुगीर असा सुरईसारखा खड्डा होतो. त्यात चिकट स्रावात भिजलेली, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभरावर अंडी, दोन-तीन, दोन-तीन करत पडतात. कवच मऊ असल्यामुळे ती आपटून फुटत नाहीत. शेवटी वाळू लोटून अंगाच्या वजनानं धपाधप ठोकते आणि समुद्राकडे वळते. ती दमते, यात वाद नाही. तिला वेदना होतच नाहीत असंही मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की डोळ्यातली धार हा त्याचा पुरावा नाही. चढताना वाहते, खड्डा खणताना वाहते, अंडी घालून परतताना वाहते. जमिनीवर तिचा एक फायदाही होतो, उडणारी वाळू धुतली जाते आणि डोळा वाळत नाही.

'पिल्लं पुन्हा दिसणार नाहीत' याबद्दल फार लिहीत नाही. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लांना पोसते ही कल्पना आपल्या संतवाणीनं घराघरात नेली आहे, आणि कृपेचं रूपक म्हणून ती मलाही प्रिय आहे. प्रत्यक्षात घरटं बुजवल्यावर कासवी त्याच्याकडे फिरकत नाही. साधारण 45 ते 60 दिवस अंडी वाळूच्या उबेवर वाढतात, नर की मादी हेसुद्धा त्या उबेवरच ठरतं. त्यांची राखण माणसांना करावी लागते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून वेळासमध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन ती सुरू केली, नाहीतर अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या किंवा माणसांच्या पोटात जायची.

आणि आता 'डोळ्यांवर पाणी शिंपडा, डोळे पुसा'. हे कृपा करून करू नका. गोड्या पाण्यानं तिचं काहीच हलकं होत नाही, मीठ रक्तात आहे, डोळ्यात नाही. डोळे पुसलेत तर वाळूपासून डोळा सांभाळणारा तो चिकट थर निघून जाईल. आणि डोळे पुसण्याएवढं जवळ जाणं हाच मुळात सगळ्यात मोठा घात. वर चढणाऱ्या कासवीला उजेड, हालचाल, माणसांची गर्दी जाणवली की ती अंडी न घालताच परत फिरते. वाळूवर नुसता जाण्या-येण्याचा माग उरतो, घरटं नसतं. एवढी चढण तिला पुन्हा कधीतरी, दुसरीकडे कुठंतरी चढावी लागते. ज्या व्हिडिओत ती 'रडताना' दिसते, त्यात तिच्या तोंडावर रोखलेली बॅटरी कुणाच्या तरी हातात असते, हे आपल्या लक्षात कसं येत नाही? ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला धरणं, उचलणं, त्रास देणं हा गुन्हा आहे.

काळजी करायचीच तर उलट्या लक्षणाची करा. कासवावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना वाहते डोळे घाबरवत नाहीत. खोल गेलेले, कोरडे डोळे दिसले की ते सावध होतात, कारण अंगातलं पाणी आटल्याची ती खूण आहे. जाळ्यात अडकून जखमी झालेलं, वल्हं तुटलेलं कासव वाहून आलं तर त्याला उचलून समुद्रात ढकलू नका आणि घरच्या टाकीतही सोडू नका. सावली करा, कुत्री आणि माणसं लांब ठेवा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर किंवा गावातल्या कासवमित्राला, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्याला, कळवा. डहाणूला जखमी समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे.

रात्री पुळणीवर कासवी चढताना दिसली तर बॅटरी आणि मोबाइल बंद करा, सुरूच्या बनाकडे मागं सरा आणि ती समुद्रात परत जाईपर्यंत हलू नका. घरट्याची जागा लक्षात ठेवा, पण स्वतः उकरू नका. सकाळी कासवमित्राला तेवढी जागा दाखवा.