सर्टिफिकेट मिळालं, आता पुढं काय?

उन्हाळी शिबिर लागलं की सोलापूरच्या पार्क मैदानावर आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, स्टेट खेळलं की ग्रेस मार्क किती ओ?" विचारण्यात चूक काय नाही म्हणा, बोर्डाला मार्क मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, गरिबाघरी त्या सर्टिफिकेटच्या कागदाला किंमत आहे आणि मी स्वतः लोकांना हे सांगत असतो. पण कागद हातात पडला की निम्मी पोरं मैदानातून गायब होतात, आणि त्यातली काही खरंच भारी असतात बे, त्याचा राग येतो.

अविनाश साबळे बघा की. बीड जिल्ह्यातला, आर्मीतला गडी. 3000 मीटर स्टीपलचेसचा (अडथळे नि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) 1981 चा नॅशनल रेकॉर्ड होता गोपाल सैनींचा, 37 वर्षं तसाच, तो यानं 2018 ला मोडला, टाइम 8 मिनिटं 29.80 सेकंद. झालं की, भारतात आता पुढं कोणच नाही, आयुष्यभर सत्कार घेत फिरला असता तरी कुणी काय म्हटलं नसतं. पण हा स्वतःचाच रेकॉर्ड परत परत मोडत बसला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला 8:11.20 मध्ये सिल्व्हर, गोल्ड गेलं फक्त 0.05 सेकंदानं. या शर्यतीत 1994 नंतर केनिया सोडून कुणाला कॉमनवेल्थचं मेडलच मिळालेलं नव्हतं! म्हणजे यानं आपलं माप लावलं ते थेट केनियावाल्यांशी. 2024 ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91. सहा वर्षांत जवळपास 20 सेकंद कमी केले राव.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप खो-खोच्या पहिल्या वर्ल्ड कपात भारताकडनं खेळला, जानेवारी 2025, दिल्लीत, फायनलला नेपाळला 54-36 नं हरवलं. अशा गावातनं पोरगं तिथं जातंय म्हटल्यावर सोलापुरात सोय नाही हे रडगाणं मला तरी पटत नाही. (ट्रॅक, मॅट पाहिजेच, त्याच्यावर वेगळी पोस्ट टाकतो.)

आमच्या ओळखीचे एक खो-खोचे सर आहेत, नाव नको, त्यांना आवडणार नाही. खो देणाऱ्याचा हात पाठीला लागायच्या आत पाटीवर (मैदानातल्या पट्टीवर) बसलेलं पोरगं उठलं, तर त्यानं बाद केलेला गडी सर प्रॅक्टिसमध्येसुद्धा धरत नाहीत. पंचाला दिसलं नसतं तरी नाही. पोरं लई कुरकुरतात, "सर, मॅचमध्ये चालतंय की!" सर ऐकत नाहीत, परत पाटीवर बसवतात, आणि एप्रिलच्या उन्हात ते बघताना मलाच दया येते, पण महिनाभरानं तीच पोरं चुकलं की आपणहून हात वर करतात, सांगावं लागत नाही.

बाकी बाउंड्रीबाहेरनं बाप शिव्या घालतोय, चौथीतलं पोरगं रडतंय, याला कुणी हाय स्टँडर्ड म्हणू नका प्लीज. ती बापाची हौस झाली.

यंदा शिबिरातल्या पोरांना एकेक वही देणार आहोत, स्वतःचं टायमिंग स्वतः लिहायचं, बक्षीस ज्याचं जास्त सुधारलं त्याला. जुनी सर्टिफिकेटवाली पोरं पण या रे, तुमच्यासाठी फी नाही.