वाक्य कुणाचं, आरमार कुणाचं

कोकणी भाषा की बोली, हा वाद कट्ट्यावर तिसऱ्यांदा पेटला आणि अव्याने ठेवणीतलं काढलं. "भाषा म्हणजे सैन्य आणि आरमार असलेली बोली! भाषाशास्त्रज्ञ माक्स वाइनराइश." एवढं बोलून अव्या थांबतो. टाळ्यांसाठी.

"ते वाइनराइशचं नाही," रेखाताई म्हणाल्या.

"मग दुसरा भाषाशास्त्रज्ञ, आंत्वान मेये." फ्रेंच नाव घेताना अव्याचं नाकही वर जातं.

"पुरावा?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे तर आपल्याकडे लिफ्ट येणार असंही म्हणतात," मन्या.

रेखाताईंची हयात शाळेत गेली, त्या अर्धवट सोडत नाहीत. १९४५चा जानेवारी, न्यूयॉर्कला यीवोची, म्हणजे यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेवर काम करणाऱ्या संस्थेची परिषद, वाइनराइशचं यिडिशमधलं भाषण. पुढे संस्थेच्या 'यीवो ब्लेटर' नियतकालिकात छापलेलं. त्यात तो स्वतःच सांगतो की व्याख्यानांना ब्राँक्सच्या हायस्कुलातला एक मास्तर यायचा. लहानपणी अमेरिकेत आलेला, यिडिशला इतिहास आहे हे कधीच न ऐकलेला. त्याने विचारलं, बोली आणि भाषा यांत फरक काय? वाइनराइशला वाटलं, हा यिडिशला हिणवतोय. समजवायला गेला, तर मास्तरने मध्येच तोडलं: ते मला ठाऊक आहे, याहून बरी व्याख्या देतो. अ श्प्राख इझ अ दिआलेक्ट मिट अन आर्मेय उन फ्लोट. म्हणजे तेच सैन्य-आरमाराचं वाक्य, यिडिशमध्ये.

"मास्तरचं नाव?"

"लिहिलंच नाही."

"भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन!" अव्या उसळला.

"तो १९२६चा जन्म. ती व्याख्यानं १९४३-४४ची. सतरा वर्षांचा पोरगा हायस्कुलात मास्तर?"

अव्याने चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून आत पडलं.

"आणि ज्या विल्नात, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये, १९२५ला यीवो निघाली, तिथले बहुतेक ज्यू नाझींनी तोवर मारून टाकले होते," रेखाताई म्हणाल्या. "ज्यांच्याकडे ना सैन्य ना आरमार, त्यांच्यातल्या माणसाचं हे वाक्य. ते तू कोकणीवाल्यांचं तोंड बंद करायला वापरतोस?"

"त्यांची १९८७ला राजभाषा झाली की," अव्या पुटपुटला.

"शिवाय दाबोळीला नौदलाचा तळ," मन्या म्हणाला. "म्हणजे आरमारही आलं. पण ते राहू दे. 'वर्गणी मागायला चौघं, हिशेबाला बाप्पा' हे गणपतीच्या मीटिंगमधलं वाक्य कुणाचं होतं रे अव्या?"

"तुझं."

"नाव घेतलंस?"

"मन्या, तू म्हणालास तेव्हा कुणी हसलं तरी होतं का?"

रेखाताईंना ठसका लागला. मन्या दोन मिनिटं शिव्या देत होता, पण हसण्याच्या गदारोळात एकही शिवी धड ऐकू आली नाही.