कचारगडची फिल्म करायची तर आधी ड्रोन पेटीत ठेवा

दर माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहेकडे अनेक राज्यांतले गोंड भाविक लोटतात. दरेकसा स्टेशनावर उतरायचं, धनेगावहून जंगलातनं चढायचं, वाटभर 'जय सेवा' हा गोंडांचा घोष. आणि मग यूट्यूबवर त्याच त्या फिल्मा: ड्रोनमधून जंगल, स्लो मोशनमध्ये नाच, मागे विकतची बासरी, वर हिंदी निवेदन. खाली ओळ, 'लोप पावत चाललेलं ज्ञान जपण्याचा प्रयत्न'. यात जत्रा जपली जाते, ज्ञान नाही.

ज्ञान आहे ते सांगण्यात आणि गाण्यात. गडावर आज सांगतात ती कथा अशी: काली कंकाली या मातेची ३३ मुलं गुहेत कोंडलेली, गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड ही माता त्यांच्या सुटकेला आलेले. हिरासुका हा वादक किंगरी हे तंतुवाद्य वाजवतो, मुलांच्या अंगात बळ येतं, शिळा सरकते आणि हिरासुकाच तिच्याखाली सापडतो. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेलं आणि १८६६ साली छापलेलं लिंगोचं गाणं मात्र वेगळ्या वाटेने जातं. तिथे महादेव गोंडांनाच गुहेत कोंडतो. यातलं खरं कोणतं, हे ठरवणं कॅमेरावाल्याचं काम नाही. पण त्याने एकच निवेदक घेतला, की ते आपोआप ठरतं. जी फिल्म जास्त फिरते, तीच पुढची पिढी पाठ करते. म्हणून निदान तिघांकडून ऐका, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांच्या कानाआड. म्हाताऱ्या जाणत्याचं ऐकून झालं की दुसरा आपलं सांगणं त्याच्याशी जुळवून घेतो.

पौर्णिमेच्या दिवशी गाणं नोंदवायच्या भानगडीत पडू नका. मंचाचे भोंगे, जनरेटर, गर्दी. हाती काही लागत नाही. त्या दिवशी फक्त चालणं, थांबणं, कोण कुठे वाकतं एवढं टिपा. गाणं नोंदवायला सुगी आटोपल्यावर परधान (गोंडांची गाणी-कथा परंपरेने सांगणारा समाज) गायकाच्या गावी जा, रात्री, पंप-पंखे बंद करून. एक माइक तोंडापासून वीतभर, दुसरा किंगरीपाशी. वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, तासाला साधारण एक जीबी. रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल बंद हवं, नाहीतर गायक श्वासाला थांबला की यंत्र आवाज वर खेचतं, रातकिडे अंगावर येतात आणि पुढचा सूर फाटतो. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आणि मधे थांबवू नका. 'ते परत एकदा म्हणा' म्हटलं की गाण्याचा क्रम तुटतो. कडव्यांचा क्रम हेच तर अर्धं ज्ञान.

गुहेत उजेड कमी आणि आवाज घुमणारा, म्हणून तिथे मुलाखत घेणं निव्वळ हौस.

काय दाखवायचं नाही, हे शूटिंगच्या आधी भुमका म्हणजे गावचा पुजारी आणि गावकऱ्यांसोबत बसून ठरवा. काही विधी नोंदवायचे पण बाहेर द्यायचे नाहीत, काही गाणी त्या त्या हंगामाबाहेर वाजवायची नाहीत. औषधी झाडाच्या पानाचा क्लोजअप आणि मागे ओळखू येणारी टेकडी, एवढं खणायला येणाऱ्यांना पुरतं. कॅमेऱ्यातलं जीपीएस बंद करा. संमती दोनदा घ्या, गोंडीत आणि रेकॉर्डिंगवर: एकदा शूटिंगआधी, एकदा कापलेली फिल्म दाखवून. पहिला होकार कशाला दिला हे माणसाला पडद्यावर बघितल्याशिवाय कळत नाही. नकार आला तर तो भाग काढायचा, वाद घालायचा नाही.

सबटायटलमध्ये 'पेन'चा 'देव' आणि 'गोंगो'ची 'पूजा' करून टाकतात. पेनमध्ये कुळातले गेलेले पूर्वजही मिसळलेले असतात. 'देव' म्हटलं की ते गायब. शब्द तसाच ठेवा, पहिल्यांदा आला की अर्थ द्या. भाषांतराला त्याच भागातला गोंडी बोलणारा हवा; आदिलाबादची गोंडी इथल्या कानाला वेगळी लागते. एका तासाच्या गाण्याच्या लिप्यंतर-भाषांतराला तीस-चाळीस तास सहज जातात. बजेट मांडताना हेच विसरतात आणि ड्रोनचं भाडं बरोबर लक्षात असतं.

शेवटी बारा मिनिटांची फिल्म महोत्सवांना फिरते आणि चाळीस तासांचं कच्चं रेकॉर्डिंग एका हार्ड डिस्कवर शहरात पडून राहतं. तीन प्रती हव्यात, त्यातली एक गावात. पण गावात डिस्क देऊन उपयोग नाही. बघायचं असतं मोबाइलवर. प्रत्येक गाणं वेगळं कापून, लहान फाइल करून मेमरी कार्डात भरून द्या. फाइलला 'क्लिप ००४७' असं नाव नको. गाणाऱ्याचं नाव, गाव, कूळ, किती देवांचा सगा (देवांच्या संख्येवरून ओळखला जाणारा कुळांचा गट), कोणत्या प्रसंगाचं गाणं, एवढं हवं.