सतरा नंबरची पेटी

आज दुपारी ड्यूटीवरून आले, चहा ठेवला, मोबाईल उघडला. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक ओळ दिसली, ॲडमिनने एक नंबर काढून टाकला म्हणून. तो नंबर माझ्या बोर्डिंगातल्या वर्गमैत्रिणीचा, काल रात्री मीच ॲड केला होता. पुरता एक दिवससुद्धा तिला राहू दिलं नाही. चहा उतू गेला. गॅस पुसला आणि तशीच लिहायला बसले. रागात लिहिते आहे, माहीत आहे. पण उद्या राग उतरला की माझ्याच्यानं लिहिणं होणार नाही.

कारण काय दिलं? "हा ग्रुप फक्त १९९८ दहावी पास बॅचसाठी आहे. ताईंचं नाव यादीत नाही. कृपया गैरसमज नसावा." खाली जोडलेले हात. आणि दोन मिनिटांत त्याच्याखाली गेट-टुगेदरच्या टी-शर्टचे रंग. मरून घ्यायचा की नेव्ही ब्लू.

ताई? अरे, ती आपल्याच वर्गातली आहे! मुलींच्या रांगेत तिसरा बाक, खिडकीकडून. हजेरी नंबर सतरा. मी अठरा. तुम्हाला आठवत नसेल तर विचारायचं होतं, काढून कशाला टाकायचं?

नाव लिहीत नाही तिचं. तिला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. सतरा नंबरच म्हणते.

१९९२ च्या जूनमध्ये पाचवीत मला बाबांनी बोर्डिंगात सोडलं. आमच्या गावाची पांदण पावसाळ्यात बंद. बैलबंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं, शाळेत जायचं कसं? मिशनच्या सिस्टर लोकांचं बोर्डिंग होतं म्हणून आमच्यासारख्या पोरी शिकल्या. खोलीत आम्ही गोंड, कोलाम, बंजारा, बौद्ध, कुणबी, दोन मुसलमान बहिणी, आणि कॅथलिक म्हणाल तर मोजून तिघी. मला दहा वर्षांची होईपर्यंत स्वतःची वेणी घालता येत नव्हती. घरी आई घालून द्यायची. बोर्डिंगात सकाळी साडेपाचला घंटा, हापशीवर रांग आणि प्रार्थनेआधी केसांची तपासणी. पहिल्या दिवशी मी केस मोकळे सोडून रडत उभी होते. सतरा नंबर आली, मला पेटीवर बसवलं आणि म्हणाली, "रडू नोको वं, पाह्य माह्याकडं."

तिची एक पद्धत होती. बाकीच्या पोरी वेणी पूर्ण घालून शेवटी रिबीन बांधायच्या. ती तिसऱ्या पेडापासूनच रिबीन आत घ्यायची, केसांबरोबर गुंफत खालपर्यंत न्यायची, मग टोक आत दुमडून वर कानामागे गाठ. दिवसभर खेळा, पळा, हापशी हापसा, सुटायची नाही. साडेतीन वर्षं माझ्या वेण्या तिने घातल्या. मधे मी स्वतः शिकले, तरी तिच्याकडूनच घालून घ्यायची.

ज्या पेटीवर बसवायची ती तिची पत्र्याची पेटी. हिरवा रंग, झाकणावर तिच्या भावाने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं नाव. शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे खाली उतरलेलं.

आठवीच्या दिवाळीला आम्ही दोघी एकाच एसटीने गेलो. सुट्टी संपून मी आले. ती आली नाही. पेटी कॉटखाली तशीच, कुलूप लावलेलं. मोठ्या बहिणीच्या मांडवात तिलाही उरकली. एका मांडवात दोन लग्नं, खर्च वाचला. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारलाच घालायचा आणि चुकाऱ्याची, म्हणजे त्याच्या पैशाची, वाट पाहायची. १९७२ पासून आपल्या बापांनी तेच केलं. पैसा हप्त्याहप्त्यानं येणार, आणि सावकार, दुकानदार आणि बोर्डिंगची फी एकदमच दारात. तिच्या बापाला मी आज शिव्या देत नाही. त्या वेळी दिल्या होत्या, मनातल्या मनात, खूप.

कायदा होता हो. १९७८ पासून मुलीचं वय अठरा आहे कायद्यात. तिचं तेरा होतं.

लग्नाआधी सिस्टर गेल्या होत्या तिच्या घरी. फाट्यापर्यंत एसटी, पुढं चार किलोमीटर चालत. आता शाळेच्या पोरींसाठी मानव विकासची निळी बस फाट्यावर येते, तेव्हा काही नव्हतं. परत आल्या तेव्हा साडीचा खालचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला होता. तिच्या बापानं हात जोडून सांगितलं, "तुमचं खरं हाये सिस्टर, पन सोयरीक मोडली त लहानीले कोन करन?" हे सिस्टरांनीच पुढं कधीतरी सांगितलं.

मग हजेरी. "सोळा." हजर सिस्टर. "सतरा." गप्प. "अठरा." हजर सिस्टर. रोज. पंधरा-वीस दिवस झाले असतील. एक दिवस "सतरा" म्हटल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "हजर सिस्टर." वर्ग हसला. मला वाटलं आता पट्टी बसणार. सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं, काही बोलल्या नाहीत, पुढचा नंबर घेतला. हजेरीपट ऑफिसात नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं. वाटेत उघडून बघितला. त्या दिवसाच्या चौकटीत हजर नाही, गैरहजर नाही. कोरी. जानेवारीत मग त्या ओळीवर लाल शाईने रेघ आली.

ती रेघ तेव्हा शाळेला मारावी लागली. तुम्ही आज कशासाठी मारता?

आता मुद्द्याचं बोलते. आपली माजी विद्यार्थी संघटना नोंदवताना तिच्या घटनेत लिहिलंय, सभासद कोण, तर "या शाळेतून इयत्ता दहावी उत्तीर्ण". कोणी लिहिलं, का लिहिलं, मला माहीत नाही. बहुतेक दुसऱ्या कुठल्या संघटनेची घटना समोर ठेवून उतरवली असेल. पण शाळेत माणसाची नोंद कुठं होते? निकालाच्या कागदावर? नाही. दाखल-खारीज रजिस्टरात होते. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या वर्गात दाखल, कधी आणि का शाळा सोडली. ते रजिस्टर शाळा कधीच फेकत नाही. माझ्या जातपडताळणीला माझ्या आजोबांची नोंद लागली, ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली, दुसरी नापास, "शेतीकामामुळे सोडली" असा शेरा. ती नोंद सरकारला चालली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा गावोगावच्या शाळांची हीच जुनी रजिस्टरं उघडली ना? तिथं कोणी म्हणालं का, की हा पणजोबा दहावी पास नाही, याचं नाव काढा? दुसरीत शाळा सोडलेला माणूस सरकारसाठी शंभर वर्षांनीही त्या शाळेचा विद्यार्थी आहे. आणि साडेतीन वर्षं बोर्डिंगात राहिलेली, माझ्याच ताटातलं आलण-भाकर खाल्लेली पोरगी आपल्यासाठी "ताई, तुमचं नाव यादीत नाही".

ग्रुपवर मागे "न सापडलेले" म्हणून यादी टाकली होती. आठवतंय? बावीस नावं. मी आज बसून मोजली. अठरा मुली. मुलं सापडतात, कारण त्यांचं आडनाव तेच, गाव तेच, फेसबुकवर टाकलं की निघाला. पोरीचं आडनाव बदलतं, आपल्याकडे कित्येकींचं नावच बदलतं मांडवात, तांदळात अंगठीनं लिहून. शाळेतली ती पोरगी जगात कुठं शिल्लकच राहत नाही. राहते फक्त त्या रजिस्टरात. आणि ही तर दहावी झालेल्यांची यादी. मधेच गेल्या त्यांना तर शोधायलाही कोणी निघालं नाही.

मला कशी सापडली सांगते.

मागच्या महिन्यात रात्रपाळी होती. सिझरची पेशंट, पोरगी विशीची, घाबरलेली. ऑपरेशन थिएटरला घ्यायच्या आधी आम्ही पेशंटच्या दोन वेण्या घालायला सांगतो, टोपीत केस नीट बसतात. बांधायला रिबीन नसते वॉर्डात, गॉजची पट्टी कापून देते मी. तिच्या आईला दिली आणि फाईल भरायला वळले. परत बघते तर बाईने ती पट्टी तिसऱ्या पेडापासून आत घेतली होती. केसांबरोबर गुंफत खाली. टोक आत दुमडलं. वर कानामागे गाठ.

माझ्या हातातला पेन थांबला. चेहरा ओळखू येत नव्हता. उन्हानं काळवंडलेला, समोरचे दोन दात गेलेले, केस अर्धे पांढरे. माझ्याच वयाची, त्रेचाळीस. मी विचारलं, "तू बोर्डिंगात होती काय वं?" तिने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. सावकाश, अक्षर अक्षर लावून. मग म्हणाली, "अठरा नंबर होय ना वं तू?"

मुलगा झाला, तिला नातू. तीन किलो शंभर ग्रॅम. वीस वर्षांच्या नोकरीत मी ड्यूटीवर रडले नव्हते.

तर हिला मी ग्रुपमध्ये ॲड केलं. तिनं काय मागितलं ग्रुपवर? वर्गणी मागितली? मदत मागितली? काही नाही. तिचा एकच व्हॉइस मेसेज होता, तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकला कोण जाणे. "नमस्कार सगळ्याईले. माही हिरवी पेटी बोर्डिंगात राह्यली होती. कोनाले माहीत हाये काय?" एवढंच. तीस वर्षांनी. त्यावर उत्तर, "ह्या कोण?" आणि मग काढून टाकलं.

थोडं थांबून लिहिते आहे. मघाशी जरा जास्त बोलले असेन.

संघटनेने काही केलंच नाही असं मी म्हणत नाही. मुलींचं नवीन संडास-बाथरूम आपल्या पैशातून झालं, पाण्याचं आरओ बसलं, ते मान्य आहे. ॲडमिन दिवसरात्र हिशोब ठेवतो, स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून फिरतो, तेही मान्य. नियम नसेल तर कोणीही घुसेल, मागे एक विमावाला घुसलाच होता. ठीक आहे. पण मग रजिस्टर बघा. ऑफिसात जा, हेडमिस्ट्रेस सिस्टरांना विनंती करा, तपासून घ्या. विमावाल्याचं नाव त्यात नसेल. तिचं असेल.

आपली शाळा डॉन बॉस्कोवाल्यांची नाही, पण ३१ जानेवारीला त्यांच्या सणाच्या दिवशी बोर्डिंगच्या सिस्टर त्यांची गोष्ट सांगायच्या. डॉन बॉस्को म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, इटलीतल्या तुरीन शहरात त्यांनी अनाथ, रस्त्यावरच्या पोरांना जमवलं. कार्लो गास्तिनी नावाचा मुलगा, न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी करणारा, पुढं त्यांच्याकडे पुस्तकबांधणी शिकला. तो मोठा झाल्यावर १८७० च्या २४ जूनला जुन्या काही सोबत्यांना घेऊन डॉन बॉस्कोंकडे गेला, भेट म्हणून कॉफीचे कप घेऊन. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेची सुरुवात तिथून मानतात. पुस्तकबांधणी करणाऱ्या माणसापासून! त्यांच्याकडे आजही माजी विद्यार्थी तो, ज्याला तिथं शिक्षण मिळालं. किती मिळालं, कितवीपर्यंत मिळालं, हे विचारत नाहीत. ही गोष्ट आपण सगळ्यांनी त्याच सतरंजीवर बसून ऐकली आहे.

आणि मूल्यशिक्षणाच्या तासाची ती मेंढराची गोष्ट? नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून मेंढपाळ एका हरवलेल्या मेंढरामागे जातो ती. सतरा नंबरनं उभं राहून विचारलं होतं, "सिस्टर, मंग बाकीच्याईले लांडग्यानं खाल्लं त?" तिच्या गावी दिवाळीनंतर धनगर मेंढ्या बसवायला यायचे, तिला मेंढ्यांतलं कळत होतं. सिस्टर हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, बाकीची एकमेकांना धरून राहतील. आपण नव्व्याण्णव जण एकमेकांना धरून आहोत. छान धरून आहोत. मरून की नेव्ही ब्लू.

बघा, परत राग आला.

मघाशी तिचा फोन आला होता. मला वाटलं रडेल. ती मलाच समजावत होती. "जाऊ दे वं, त्याईचं काय चुकलं, म्या कुठी दहावी झाली." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पन पेटीचं इचारशील काय? तिच्यात माहा रुमाल हाये. नाताळासाठी भरत होती, सिस्टरले द्याले. एकच फूल राह्यलं होतं."

तर संघटनेच्या कार्यकारिणीला जाहीर सांगते. सर्वसाधारण सभेत घटनेतला तो शब्द बदलायचा ठराव मी मांडणार आहे. "उत्तीर्ण" काढा, "दाखल" लिहा. पाठिंबा ज्यांना द्यायचा त्यांनी इथंच खाली हजेरी नंबर टाका. डिसेंबरच्या कार्यक्रमाची वर्गणी मी आज दोघींची भरली आहे. पावत्या दोन पाहिजेत. दुसरीवर तिचं शाळेतलं नाव, बापाच्या नावासकट, रजिस्टरात आहे तसं. टी-शर्ट तिला नको, ती नऊवारी नेसते.

येत्या रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने आम्ही दोघी शाळेत जातो आहोत. जुन्या बोर्डिंगमागची कोठी सिस्टरांनी अजून रिकामी केली नाही असं ऐकते. चावी कोणाकडे असते ते कोणाला माहीत असेल तर मला सांगा.