बसवाली आजी आणि पडलेला आमदार

आज दुपारी एकीकडे हळदीकुंकू होतं. (रथसप्तमी कधीच होऊन गेली, पण इथे टेक्सासमध्ये वीकेंड मिळेल तोच मुहूर्त.) तिळाच्या वड्या, वाणाला स्टीलच्या वाट्या, सगळं छान चाललेलं. तेवढ्यात एकीने विषय काढला, "अगं, व्हाउचरचा फॉर्म भरलास का? वर्षाला दहा हजार डॉलर, फुकट! भरून तर ठेव, गेलं काय आपलं?" की लगेच सगळ्यांचे फोन बाहेर. मी वडी चघळत गप्प बसले. घरी येऊन कणीक भिजवायला घेतली आणि तशीच सोडून हे लिहितेय.

व्हाउचर म्हणजे पोराला खासगी शाळेत घालायला सरकारने दिलेले पैसे. फुकट नाहीये ते. त्यासाठी माणसं पाडलीत. त्यातला एक आमच्या जुन्या गावचा आमदार, ग्लेन रॉजर्स.

आधीच सांगते, मी या माणसाला जन्मात मत दिलं नसतं. पक्का रिपब्लिकन. बंदूक, गर्भपात, सीमा, कुठेही माझं त्याचं जमायचं नाही, आणि तुमचंही नाही, मला माहितीये. गुरांचा डॉक्टर, स्वतःचा रँच, राहणार ग्रॅफर्ड, पालो पिंटो काउंटी, म्हणजे फोर्ट वर्थपासून पश्चिमेला. टेक्सासच्या आमदाराला पगार महिना 600 डॉलर, अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, 140 दिवसांचं. अधिवेशनात रोजचा भत्ता मिळतो, पण तरी. आपल्याकडे 'आमदार' म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, ते इथे आणू नका.

आता बसवाल्या आजीबद्दल सांगते, नाहीतर राग कळायचा नाही.

फेब्रुवारी 2021. ते थंडीचं वादळ आठवतंय? डॅलसच्या विमानतळावर उणे 19. आम्ही तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडच्या एका छोट्या गावात होतो. वीज गेलेली, नळ गोठलेले, पोराला तीन स्वेटर घालून पांघरुणात कोंबलेलं. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. बाहेर पोराच्या शाळेच्या बसची ड्रायव्हर, सत्तरीची, डोक्यावर लाल टोपी (ट्रम्पवाली, वेगळं सांगायला नको). म्हणाली, "हनी, शाळेत वीज आहे. चला." कोण कुठल्या घरात राहतं, कुणाकडे म्हातारं माणूस आहे, सगळा रूट तिला पाठ. त्या रात्री शाळेच्या जिममध्ये शंभरेक माणसं झोपली. मी घरातले सगळे तांदूळ-मूगडाळ नेले होते. शाळेच्या गॅसवर, त्यांच्या भल्यामोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. हळद बघून लोक जरा बिचकले. आजीने पहिली वाटी घेतली, मग रांग लागली.

त्या गावात खासगी शाळा नाही. एकही नाही. गावात सगळ्यात जास्त पगार शाळाच वाटते, आणि इथे शाळेला पैसे मिळतात ते हजेरीवर. दहा पोरं गेली तरी बस तेवढीच, ड्रायव्हर तेवढाच, हीटरचं बिल तेवढंच. पटसंख्या म्हणजे काय ते मला शिकवू नका, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेय.

रॉजर्सला हे कळत होतं, कारण तो तिथलाच. 2020 मध्ये त्याने फ्रॅकिंगवाल्या (खडक फोडून तेल-वायू काढायचा धंदा) अब्जाधीश फॅरिस विल्क्सच्या जावयाला पाडलं होतं. तेव्हा गव्हर्नर अ‍ॅबट त्याच्या पाठीशी होते. 2022 मध्ये माइक ओल्कॉटविरुद्ध अगदी काठावर वाचला. मग नोव्हेंबर 2023. व्हाउचर बिलातून काढून टाकायची दुरुस्ती 84 विरुद्ध 63 ने पास झाली. बाजूने 21 रिपब्लिकन, त्यात हा. संपलं! तेच अ‍ॅबट आता हात धुऊन मागे. पेनसिल्व्हेनियातल्या जेफ यास नावाच्या अब्जाधीशाने त्यांना 60 लाख डॉलरचा चेक दिला. पेनसिल्व्हेनिया! त्या माणसाला पालो पिंटो नकाशात तरी सापडेल का?

आणि प्रचार कशावर? शाळेवर नाही हं. सीमेवर! हे आमदार म्हणे सीमेबाबत ढिले. मार्च 2024 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, रॉजर्स पडला, ओल्कॉटकडूनच. (टेक्सासचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल पॅक्स्टन यांच्यावरच्या महाभियोगाला त्याने मत दिलं होतं, तोही राग लोकांना होता. मान्य.) पुढच्या वेळी बिल आलं तेव्हा विरोधात दोनच रिपब्लिकन उरले होते. 3 मे 2025 ला सही, 100 कोटी डॉलर. त्याचेच फॉर्म आज वड्या खात भरले जात होते.

हो, काही शाळा खरंच टुकार आहेत. आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आया वर्षानुवर्षं शाळेशी भांडून दमलेल्या असतात, त्यांनी अर्ज केला तर मी एक शब्द बोलणार नाही. पण आपण? ज्यांची पोरं आधीच महागड्या शाळेत आहेत ते आपण?

एवढं लिहून चहा केला. राग जरा उतरला, कारण एक गोष्ट मी लपवत होते.

आम्ही 2022 मध्ये इकडे डॅलसच्या बाजूला आलो. प्रायमरीनंतर मी आजीला फोन केला होता, वाटलं तिला वाईट वाटलं असेल. ती म्हणाली, मी ओल्कॉटला मत दिलं. का? तर घरी रोज पत्रकं येत होती, रॉजर्सने सीमा उघडी टाकली म्हणून. मी म्हटलं, अहो, तो तुमच्या शाळेसाठी भांडत होता, तुमच्या बससाठी! ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "ते पत्रकात नव्हतं."

मला काही सुचेना. तिच्यावर चिडू? जिने माझ्या पोराला त्या थंडीत उचलून बसमध्ये बसवलं, तिच्यावर?

फोन ठेवताना म्हणाली, यंदा सकाळचे दोन रूट एकत्र केलेत, त्यामुळे पहाटे पावणेपाचला निघावं लागतं. आणि मग विचारलं, तो पिवळा भात कसा करतात, लिहून पाठव ना.

पाठवला होता. हळद अर्धा चमचाच लिहिली.