कॉलनीची बाग करू पाहणाऱ्यांसाठी

पर्वरीच्या पठारावर किंवा पणजीच्या आसपास तुमचा फ्लॅट असेल, आणि बिल्डरने नकाशात हिरवा रंगवलेला तुकडा अजून कुणी बळकावला नसेल, तर वेळ दवडू नका. सगळ्या कॉलनीने मिळून तिथे बाग करा. भाजी पिको न पिको, भांडणांना वर्षभर तोटा नाही.

आधी फलक लावावा. मातीचे मागाहून बघता येते. फलकावर देणगीदारांची नावे, त्याखाली समिती, त्याखाली ‘गवतावर चालू नये’. गवत अजून उगवायचे आहे, पण शिस्त आधीपासून लागलेली बरी. फलक चांगला रुंद घ्या. त्याच्या सावलीत एक वाफा बसतो आणि त्या वाफ्यात काही येत नाही, म्हणजे काळजी करायला एक वाफा कमी.

माती मात्र विकतच आणायची. पर्वरीला कुदळ मारली की लगेच जांभा खणखणतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. इतके पाणी वर्षानुवर्षे मातीतला कस धुऊन नेते आणि जमीन आंबट होते. जुनी माणसे तिच्यात शेणखत, राख, पालापाचोळा घालत बसायची. तेवढा धीर आपल्याला कुठला? मेअखेर ट्रकभर माती मागवा, जांभ्यावर नीट पसरा, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती शेजारच्या सोसायटीच्या गटारात ओळखून घ्या.

काय लावायचे, यावर एकमत होऊ देऊ नये. कुणाला लॉन हवे असते, म्हणजे सकाळी फोटो काढता येतात. कुणाला सांतइस्तेवची सात शिरांची भेंडी, आगशीची वांगी आणि काणकोणची खोला मिरची, तिन्ही एकाच ड्रममध्ये हवी असतात. खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, मग ती पार्किंगच्या स्लॅबवर कशी होणार, असे विचारणाऱ्याला समितीतून काढावे. तळमजल्यावरच्या मावशी गुपचूप तांबडी भाजी पेरतील. ती तीन-चार आठवड्यांत काढायला येते आणि एवढ्यात आपली एक बैठकही होत नाही. तेव्हा वाटणीचा ठराव होईपर्यंत कुणी काडीला हात लावू नये अशी नोटीस काढा. भाजीला तुरे आले की ठराव मंजूर करा.

भेंडीचेही तसेच. बोटभर कोवळी असते तेव्हा येणारा-जाणारा तिला चिमटीत धरून बघतो, ‘कुणाची तरी असेल’ म्हणून सोडतो. चार दिवसांनी ती वीतभर होते, वाळक्या काठीसारखी वाजते, आणि मग ती समितीची असते.

नारळ लावायचा विचार असेल तर कायद्याकडे लक्ष ठेवा. २०१६ साली आपल्या विधानसभेने वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माडाला वगळले होते. त्याच वर्षी मोराला उपद्रवी ठरवायचे की काय, यावरही राज्यात चर्चा झाली. २०१७ मध्ये माड पुन्हा झाड झाला, वर राज्यवृक्षही. कॉलनीतला माड या सगळ्या काळात नुसता उभा असतो आणि नारळ नेमका सेक्रेटरींच्या गाडीवर टाकतो.

सामायिक बाग ही कल्पना परदेशातून आली आहे असे उद्घाटनाच्या भाषणात जरूर सांगा. एखादा म्हातारा मध्येच कोमुनिदादीचे, म्हणजे ‘गावकरी’ या जुन्या ग्रामसंस्थेचे नाव काढेल. गावची जमीन गावकरीची, शेते लिलावाने कसायला द्यायची, आलेल्या पैशातून बांध, पाट आणि देवळाचा खर्च चालवायचा, उरले ते गावकऱ्यांनी वाटून घ्यायचे. १५२६ मध्ये पोर्तुगिजांनी या रीती फोराल नावाच्या सनदेत लिहून काढल्या, तेव्हाच त्या जुन्या होत्या. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरायचे आणि पुढची पिकेही जायची. त्यामुळे ज्याचे शेजाऱ्याशी बोलणे नव्हते तोही बांधावर माती टाकायला यायचा. म्हाताऱ्याला हाताला धरून खाली बसवा. आपल्याकडे बांध नाही, खारे पाणी नाही, मग एकमेकांचे तोंड बघायची गरज काय?

(ती व्यवस्था काही सोवळी नव्हती. गावकरी कोण आणि राबणारा कोण, हे जन्मावरून ठरायचे. तेवढा भाग मात्र आपण जसाच्या तसा उचलला आहे: समिती पाचव्या मजल्यावरची, पाणी घालणारा वॉचमन.)

पाणी घालायच्या पाळ्या व्हॉट्सअॅपवर लावा. ज्याची पाळी असेल त्याने गुलाबाचा फोटो टाकून ‘सुप्रभात’ म्हणावे. गुलाब आपल्या बागेतला असलाच पाहिजे असे नाही.

एवढे सांभाळलेत तरी वेलाला काही ना काही लागतेच. दोडकी लोंबतात, चिबूड पानांआड फुगत राहतो. घाबरू नका, तोवर चवथ येते. गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळाभाज्यांनी सजवलेली लाकडी चौकट बांधायची तर फळे, भाज्या, रानातले जिन्नस हवेत, आणि माटोळीच्या बाजारात त्या दिवसांत भाव ऐकूनच माणूस देवाचे नाव घेतो. आदल्या रात्री दोन वाजता खाली उतरा. तिथे बॅटरी घेतलेले आणखी चौघे भेटतील. एरवी सभेला गणपूर्ती होत नाही, त्या रात्री होते. कुणी कुणाला हटकत नाही. फार तर मावशी खिडकीतून खोकतील, तर त्यांना सांगावे, ‘देवाखातीर काडलें गे बाय!’ देवापुढे कुठली समिती आणि कुठला ठराव! हळदीची पानेसुद्धा शिल्लक ठेवू नयेत, दुसऱ्या दिवशी पातोळ्या करायच्या असतात.

मग चवथीला घरोघर दर्शनाला जा. राज्यात माटोळीच्या स्पर्धा होतात, तेव्हा एखाद्या घरी परीक्षकही येऊन बसलेले असतील. यजमान हात जोडून सांगतील, सगळे आमच्या परसातले. तिसऱ्या मजल्याला परस कुठला, हे परीक्षक विचारत नाहीत. तुम्हीही विचारू नका. तुमच्या माटोळीतला चिबूड त्याच वेलाचा आहे.